एकतीस पावलं

"घोड्यांच्या हौदापाशी डावीकडे वळा, समोरच टॉकीज," असा पत्ता या गावात आजही कोणीही सांगतं. घोडे जाऊन पन्नास वर्षं झाली, हौद कधी बुजवला ते कोणाला नक्की आठवत नाही आणि टॉकीज पाडूनही वीस वर्षं होत आली. नवा माणूस बिचारा हौद शोधत रस्ताभर फिरतो, पुन्हा त्याच दुकानाशी येऊन विचारतो, आणि राग येतो तो सांगणाऱ्यालाच. "अहो, हौद म्हणून सांगितलं ना तुम्हाला!" गावच्या माणसांना सगळं अजून जागच्या जागी दिसतं, त्याला कोण काय करणार?

चावीवाल्यांना तर ते इतरांपेक्षा जरा जास्तच दिसायचं. पाणीखात्यात चौतीस वर्षं नोकरी. माणसाच्या छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून सकाळी निघायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, खालचे व्हॉल्व्ह फिरवायचे. या आळीचं पाणी बंद, त्या आळीचं सुरू. गावात त्यांचं नाव फारसं कोणी घेत नसे. लहानथोर सगळे चावीवालेच म्हणायचे. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी नळाला पाणी आलं नाही की जुन्या बायका आधी त्यांच्याच दाराकडे बघायच्या. याचा त्यांना राग यायचा असं ते म्हणायचे. यायचा कसला, छाती फुगायची.

तर अशा माणसाचा चष्मा एक दिवस फ्रिजमध्ये सापडला.

आता चष्मा फ्रिजमध्ये जाणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. पण त्यानंतर दूध उतू गेलं, गॅस तसाच राहिला आणि हे बाहेर गप्पा मारत उभे. मग फोनवर नातीला त्यांनी स्वतःच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. नात हसली. तिचे वडील, म्हणजे चावीवाल्यांचा मुलगा, हसला नाही. तो दूरच्या शहरात राहायचा. रविवारी त्याने फोन केला आणि शांतपणे म्हणाला, "बाबा, आता तुम्ही दोघं इकडे या. घर बंद करू. तुमच्या लक्षात राहत नाही हल्ली."

"माझ्या लक्षात राहत नाही?" चावीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, या गावाच्या पोटात काय आहे ते विचार मला!"

मुलाने काही विचारलं नाही. ते न विचारणंच त्यांना जास्त लागलं. कारण खरं सांगायचं तर तेही घाबरले होते. त्या दिवसापासून ते दाढी करताना मनातल्या मनात गावातले पंधराच्या पंधरा व्हॉल्व्ह ओळीने म्हणायचे, आणि एखाद्यापाशी क्षणभर अडखळले तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. बायको आतून विचारायची, "काय पुटपुटताय?" ते म्हणायचे, "काही नाही, गाणं."

बुधवारी सकाळी पाणीखात्याची इंजिनीअर दारात उभी राहिली. उंच, तरुण मुलगी, गुडघ्यापर्यंत चिखल.

"काका, खालच्या आळीत मोठी लाइन फुटलीय. शाळेच्या वर्गात पाणी शिरलंय. ती लाइन बंद करणारा व्हॉल्व्ह टॉकीजपाशी कुठेतरी आहे एवढंच सगळे सांगतात. कागदावर कुठेच नाही."

"कागदावर कसा नाही? वही दिली होती मी ऑफिसात."

"ऑफिस हललं तेव्हा ती वही कुठे गेली देव जाणे. धातू शोधायचं मशीन फिरवलं, तर खाली इतकं भंगार आहे की ते सगळीकडेच ओरडतंय." तिने कपाळ पुसलं. "रस्त्यात दोन खड्डे घ्यायची परवानगी मिळालीय. दोनच. आणि दुपारी दोनपर्यंत. नाही सापडला तर वरच्या टाकीतूनच बंद करावं लागेल. म्हणजे पाच-सहा दिवस अख्ख्या गावाला पाणी नाही."

"एक खड्डा पुरे," चावीवाले म्हणाले.

घरातली स्वतःची वही त्यांनी काढली, पण उघडली नाही. इंजिनीअरच्या हातात दिली आणि म्हणाले, "अकरावं पान. मी बोलतो, तू बघ." आणि त्यांनी डोळे मिटून म्हटलं, "टॉकीजच्या तिकीट खिडकीला पाठ. नाक बर्फाच्या कारखान्याच्या फाटकाकडे. सरळ एकतीस पावलं. हौदाचा कोपरा उजव्या हाताला."

इंजिनीअरने पान बघितलं. "शब्दन् शब्द बरोबर आहे काका."

झालं! माणसाला एवढा आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. "आज टॉकीजपाशी व्हॉल्व्ह दाखवायला चाललोय. एकवीस वर्षं त्या झाकणाला कोणी हात लावलेला नाही. ते मी दाखवलं नाही ना, तर उद्या स्वतः सामान बांधून तुझ्याकडे येतो, एक शब्द बोलणार नाही. आणि दाखवलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." फोन ठेवला आणि चपला घातल्या. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, टोपी तरी घाला." पण तोवर स्वारी रस्त्याला लागली होती.

टॉकीजच्या जागी आता पाच दुकानं आहेत. मोबाइलचं, औषधांचं, चपलांचं आणि आणखी दोन. तिकीट खिडकी नेमकी कुठे होती यावर आधी रस्त्यातच भांडण जुंपलं. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या तोंडाला साबण तसाच ठेवून बाहेर आला. "चपलांच्या दुकानात होती खिडकी. मी शंभर वेळा रांगेत उभा राहिलोय."

"रांगेत राहिला असशील, पण खिडकीपर्यंत कधी पोचलास?" चावीवाले म्हणाले. "तुझा नंबर यायच्या आत हाउसफुल्लची पाटी लागायची."

गिऱ्हाईक साबणातून हसलं. शिवणकाम करणाऱ्या बाई वरच्या मजल्यावरून म्हणाल्या की खिडकी पायऱ्यांच्या डावीकडे होती. तिकीट देणाऱ्याचा फक्त हात दिसायचा, करंगळीवर तीळ असलेला. गावाने त्या माणसाचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता. बाजारात तो भेटला तर कोणी ओळखायचं नाही. मग तो बिचारा हात पुढे करायचा आणि लोक म्हणायचे, अरे, तुम्ही होय! ही आठवण निघाली आणि दहा मिनिटं तिच्यातच गेली. इंजिनीअरने दोनदा घड्याळ बघितलं.

चावीवाले मात्र औषधांच्या दुकानाच्या पायऱ्यांकडे बघत होते. दुकानं नवी, पण तीन दगडी पायऱ्या जुन्याच ठेवलेल्या. दुसऱ्या पायरीचा डावा कोपरा झिजून खोलगट झाला होता. तिकिटाच्या रांगेतला प्रत्येक माणूस त्याच कोपऱ्यावर एक पाय टेकून उभा राहायचा. "इथे," ते म्हणाले, "आणि खिडकी इथे वर." मोबाइलच्या दुकानाच्या शटरचा कडेचा खांब त्यांनी हाताने थोपटला. न्हाव्याने जरा वेळ बघितलं आणि मान हलवली. "असेल बाबा. चपलांच्या दुकानात होती ती सोड्याची टपरी."

बर्फाच्या कारखान्याच्या जागी सहा मजली इमारत झाली होती. पण फाटक कुठे होतं यावर वाद नव्हता, कारण उन्हाळ्यात सगळं गाव त्या फाटकाला पाठ लावून उभं राहिलेलं होतं.

चावीवाल्यांनी खांबाला पाठ टेकली. नाक समोर धरलं. आणि चालायला लागले. न्हावी मोठ्याने मोजत होता, त्याच्या मागे आणखी चार जण मोजत होते. एकतीसला ते थांबले आणि टाच जोरात आपटली. "खोदा."

रस्ता फोडायचा ब्रेकर सुरू झाला. डांबराचे थर निघाले, एकावर एक पाच. मग खडी, मग माती. फुटकी बाटली निघाली, एक गंजलेली साखळी निघाली. खोदणाऱ्या दोघांनी खड्डा चार फूट खोल नेला, रुंद केला, पहारीने चहूबाजूंनी टोचून पाहिलं. खाली नुसती माती.

"जरा उजवीकडे बघा," चावीवाले म्हणाले. उजवीकडे पाहिलं. "मग डावीकडे." डावीकडेही काही नाही. आता कोणी मोजत नव्हतं, कोणी थट्टा करत नव्हतं. न्हावी हळूच आत जाऊन गिऱ्हाइकाच्या दाढीला लागला.

"काका," इंजिनीअर म्हणाली, "तुम्ही बसा जरा."

किती मऊ आवाजात म्हणाली ती! रविवारी मुलगा बोलला होता तोच आवाज. चावीवाले औषधांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. डोळ्यांसमोर सगळं जुनं गाव उभं होतं, हौद, फाटक, खिडकी, खिडकीतला तो तीळ असलेला हात. सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं. आणि तेच चुकीचं होतं. मग बाकीचं काय काय चुकीचं असेल? बहिणीचं नाव, घराची वाट, उद्या आणखी काय? म्हणजे पोराचंच खरं. आपण संपलो, असं त्यांना वाटलं, आणि डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

तेवढ्यात बायको आली. एका हातात टोपी, दुसऱ्या हातात चहाचा थर्मास. खड्डा पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"काय झालं?"

"सामान बांध," चावीवाले म्हणाले. "पोरगा जिंकला."

तिने टोपी त्यांच्या डोक्यावर चढवली. मग थर्मास पायरीवर ठेवला. "कुठून चाललात?"

"त्या खांबापासून."

"चालून दाखवा."

"आता आणखी तमाशा कशाला?"

"चाला म्हणते ना."

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ती या आवाजात चार-पाच वेळाच बोलली असेल. ते उठले, खांबाला पाठ लावली आणि दहा-बारा पावलं चालले. ती त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती. मग इंजिनीअरला म्हणाली, "बाळ, दुसरा खड्डा इतक्यात घेऊ नकोस. मी आलेच," आणि आली तशी तरातरा निघून गेली.

वीस मिनिटांनी परत आली ती गळ्यात कपडे वाळत घालायची दोरी घेऊन. धापा टाकत होती. "कपडे सगळे पलंगावर टाकून आलेय, ओले आहेत, गादीचं काय झालं असेल कोण जाणे," हे आधी सांगून झालं. मग तिने दोरीच्या दोन गाठी दाखवल्या.

"आमचं लग्न झालं तेव्हा मागच्या अंगणात चिखल व्हायचा," ती इंजिनीअरला म्हणाली. "तर यांनी दारापासून धुण्याच्या दगडापर्यंत फरशा टाकल्या. अकरा फरशा. एक पाऊल, एक फरशी. स्वतःच्या पावलाने मोजून टाकल्या हो, माझ्या नाही. 'माझं पाऊल पाण्याच्या मीटरसारखं आहे, चुकणार नाही' म्हणाले. तेव्हापासून मी धुण्याची बादली घेऊन उड्या मारतेय. गुडघे त्यानेच गेले माझे."

"ते आता इथे कशाला?" चावीवाले म्हणाले.

"कारण हल्ली तुम्हीही दोन फरशांच्या मधे एक पाऊल टाकता. पाऊल आखूड झालंय तुमचं." तिने दोरी हातात धरली. "फरशांवर ताणूनच गाठी मारल्यात, पहिल्या फरशीच्या मधोमध ही, अकराव्याच्या मधोमध ही. तुमची जुनी दहा पावलं आहेत यात. वहीत तीच लिहिलीत ना?"

इंजिनीअर आधी दोरीकडे बघत राहिली, मग चावीवाल्यांच्या पायांकडे. मग खळखळून हसली. "काकू, चला, दुसरं टोक धरा."

खांबाला एक गाठ लावली, फाटकाच्या दिशेने दोरी ताणली. एक दोरी, दहा पावलं. दुसरी दोरी, वीस. तिसऱ्या दोरीला ते पहिला खड्डा ओलांडून बरेच पुढे गेले. "एक पाऊल उरलं," न्हावी ओरडला. तो कधी पुन्हा बाहेर आला होता कोण जाणे. "ते मी टाकते," इंजिनीअर म्हणाली आणि आपली लांब टांग टाकून उभी राहिली. तिने टेपने पहिल्या खड्ड्यापर्यंतचं अंतर मोजलं. अठरा फूट.

"अठरा फूट म्हातारे झालात की हो!" न्हावी म्हणाला. चावीवाले त्याच्यावर खेकसले नाहीत. ते जमिनीकडे बघत उभे होते आणि ओठ हलत होते.

दुसरा खड्डा. पुन्हा डांबर, खडी, माती. अडीच फुटांवर पहार खणकन वाजली. खोदणाऱ्याने हाताने माती सारली आणि लोखंडी झाकणाची गोल कड दिसली. उजव्या अंगाला माती ढासळली आणि तिच्यातून दगडाचा एक गुळगुळीत कोपरा बाहेर आला. त्यावर साखळ्या घासून घासून पडलेल्या खाचा होत्या. घोड्यांचा हौद. तो आपल्या जागी तसाच होता, फक्त वर रस्ता झाला होता. वरून बघणाऱ्या शिवणकामवाल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला.

चावीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. ते खाली बसले आणि त्या कोपऱ्यावर हात ठेवून म्हणाले, "उजव्या हाताला. म्हटलं नव्हतं?"

व्हॉल्व्ह जाम झाला होता. तेल घातलं, चावी लावली, दोन खोदणारे आणि मधे चावीवाले. तिसऱ्या झटक्याला तो करकरत हलला. सतरा फेरे झाले आणि इंजिनीअरच्या फोनवर खालच्या आळीतून ओरडा आला, "थांबलं! पाणी थांबलं!" दोन वाजायला वीस मिनिटं कमी होती.

दोरी पाणीखात्यात गेली. इंजिनीअरने मागूनच घेतली. उरलेल्या चौदा व्हॉल्व्हचं माप आता त्याच दोरीने घ्यायचं, आणि चावीवाल्यांनी रोज सकाळी तासभर यायचं, खिडक्या आणि फाटकं दाखवायला. "आणि मी कपडे कुठे वाळत घालू?" बायको म्हणाली. नवी दोरी संध्याकाळी खात्याकडून घरपोच आली.

मुलाला फोन केला तेव्हा त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही शोधलात बाबा?"

"खिडकी मी शोधली. बाकीचं तुझ्या आईने."

फोन ठेवून ते आत आले. बायको ओले कपडे पुन्हा पिळत होती. पलंगाच्या बाजूला मोठी बॅग उभी होती, बंद न केलेली. वर एक छोटा लाल स्वेटर दिसत होता. नातीच्या मापाचा.

"ही कधी भरलीस?"

"रविवारीच."

चावीवाले पलंगाच्या कोरड्या कडेला बसले. त्यांनी तो स्वेटर हातात घेतला. "माझं पाऊल आखूड झालंय हे तुला कधी कळलं?"

"दोन वर्षं झाली. फरशांच्या मधलं गवत मेलं ना, तेव्हा."

"बोलली नाहीस."

"काय बोलणार? म्हातारे झालात म्हणून?"

"आज नसतीस बोललीस तर दुसराही खड्डा रिकामा गेला असता." त्यांनी स्वेटर पुन्हा बॅगेत ठेवला. "तुला जायला मिळालं असतं."

"मिळालं असतं की." तिने कपडा झटकला. "मला जायचं होतं हो. खरंच जायचं होतं. पोर मोठी होतेय, तिचे दात पडून नवे आले ते मी फोनवर पाहिले. पण तुम्हाला असं हरलेलं घेऊन नव्हतं जायचं. तिथल्या खोलीत कोपरा धरून बसला असता, आणि मला तिचं हसणंसुद्धा गोड लागलं नसतं." तिने कपड्याची घडी घातली, तो ओलाच होता हे लक्षात आल्यावर पुन्हा उलगडला.

चावीवाल्यांना चुकलो, असं म्हणायचं होतं, पण सेहेचाळीस वर्षांत सवय नव्हती.

सकाळी तिला जाग आली ती मागच्या अंगणातल्या ठणठण आवाजाने. बाहेर येऊन बघते तर चावीवाले गुडघ्यावर बसून पहारीने फरशी उचकटत होते. सात फरशा आधीच निघून भिंतीला टेकल्या होत्या.

"अहो, हे काय?"

"तू चाल."

"कुठे?"

"दारापासून दगडापर्यंत. तुझ्या चालीने. उडी नाही मारायची."

"सेहेचाळीस वर्षांनी आठवलं होय?"

"बोलत नको चालूस, पाऊल बिघडतं."

ती दारापासून चालली. ते मागून रांगत आले आणि तिच्या प्रत्येक पावलापाशी खडूने खूण करत गेले. दगडापाशी पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं. चावीवाले बोटं मोजत होते.

"चार फरशा कमी पडतात," ते म्हणाले. "आणू. परत आल्यावर."

"कुठून परत आल्यावर?"

चावीवाल्यांनी खडू खिशात टाकला आणि हात झटकले. "चौदा व्हॉल्व्ह दाखवायला पंधरा दिवस लागतील. मग जाऊ. दोन महिने राहू, तीन राहू, तुला वाटेल तेवढं राहू. तू बॅग उपसलीस का?"

ती तिथेच उभी राहिली. मग पदराने डोळे पुसून खुणांवरून परत दाराकडे चालत आली, एकेक खूण बघून, कुठेही उडी न मारता.

"नाही," ती म्हणाली. "तशीच आहे."